पाला कुजला

१९९१ साल. मी छप्पन्न वर्षांचा होतो, नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि गुडघे माझ्या आधीच निवृत्त झाले होते.

आता इतक्या वर्षांनी आमच्या मराठी मंडळाच्या संपादकबाई म्हणाल्या, राव, यंदाच्या अंकात तुमच्या नोकरीबद्दल लिहा. मी म्हटलं, मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस. त्या म्हणाल्या, तुम्ही लिहा, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते. तर बघा म्हणावं. माझं म्हणणं मात्र बदलायचं नाही, ही अट मी आधीच घातलेली आहे. आमची मराठी तंजावरची. पुण्या-नागपुराहून बदलीवर आलेली मंडळातली माणसं ती ऐकून हसतात. मी विचारतो, तुम्ही इथे येऊन किती वर्षं झाली? कोणी चार म्हणतं, कोणी सहा. आमची तीनशे झाली, असं मी सांगतो. मग हसणं थांबतं.

शाळा सोडली त्याचंही कारण सांगून टाकतो, पुढे लागेल. मी डावखुरा. मास्तर डाव्या हातावर पट्टी मारायचे. पाचवीत एक दिवस मी ती पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि घरी आलो. बापानं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खाचरात उभं केलं. तिथे भाताला कुठला हात ते कळत नव्हतं, असं मला छप्पन्न वर्षांचा होईपर्यंत वाटत होतं.

नोकरी मद्रासमधल्या एका कॉलेजात. नाव लिहीत नाही, तिथले काही जण अजून जिवंत आहेत आणि मीही आहे. कागदावर माझं पद फील्डमन. वनस्पतिशास्त्राच्या इमारतीमागे अर्धा एकर जमीन होती. त्यात भाताची खाचरं, थोडी नाचणी, वांगी-भेंडी आणि एक खताचा खड्डा. मुलांनी पुस्तकात वाचायचं आणि ते खरं आहे का हे माझ्याकडे येऊन बघायचं. नवे प्रिन्सिपल आले की मला माळी म्हणायचे. मी हातातलं काम थांबवून सांगायचो, माळी गुलाब लावतो, मी गुलाब लावत नाही. तीन प्रिन्सिपलना सांगितलं. चौथ्याला सांगायचा कंटाळा आला.

मुलं मला रावय्या म्हणायची. राव आमचं, मानाचं तमिळ अय्या त्यांचं. हे नाव मला आवडायचं.

आता मेळावा म्हणजे काय ते सांगतो. कॉलेज संपत आलं की मुलांपुढे प्रश्न, आता पुढे काय. बाकीच्या विभागांत कंपन्या आपणहून येत. माती आणि पीक शिकलेल्यांकडे कोणी येत नसे. म्हणून मुलांनीच ठरवलं, आपण लोकांना बोलवू. एक दिवस हॉल मागून घ्यायचा, टेबलं मांडायची, टेबलामागे नोकरी देणारा, पुढे नोकरी मागणारे. पत्रं मुलं लिहायची, बॅनर मुलं रंगवायची, ताक मुलं वाटायची. प्रोफेसर लोक शेवटी येऊन फोटोत उभे राहायचे. टेबलं मी वाहायचो. चाळीस टेबलं, तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर आणि संध्याकाळी परत खाली. ते कुठल्याच फोटोत नाही.

पहिला मेळावा १९७८ चा. सगळी टेबलं खतवाल्यांची आणि फवारणीवाल्यांची. मोटरसायकल देऊ म्हणत होते, त्यामुळे रांग जिन्यापर्यंत. कोपऱ्यात एकच टेबल वेगळं होतं. मधमाश्या पाळणारा एक म्हातारा रिकामी पेटी समोर ठेवून बसला होता. मला म्हणाला, "एक माणूस पाहिजे. चावल्यावर पळायची सवय नसलेला."

दुपारपर्यंत त्याच्यापुढे कोणी उभं राहिलं नाही. मला बघवेना, म्हणून मीच जाऊन उभा राहिलो. त्यानं वही उघडली, नाव लिहून घेतलं, वय विचारलं, आजवर किती वेळा चावल्या ते विचारलं. मी म्हटलं, अय्या, मी इथला नोकर, सोळा वर्षं झाली. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, "मग कशाला उठलात? माझी रांग लागली असं वाटलं ना मला."

त्याचं ते बोलणं अजून आठवतं.

आणखी एकदा, पाच-सहा वर्षांनी असेल, एका मुलाची आई त्याच्याबरोबर आली. प्रत्येक टेबलापुढे थांबायची आणि एकच विचारायची, "ह्या नोकरीत चप्पल काढावी लागते का?" मुलगा मागे तोंड लपवून उभा. कोणी हो म्हणे, कोणी नाही. शेवटी तिनं मला विचारलं. मी माझे पाय दाखवले. ती मुलाला घेऊन घरी गेली. तो पुढे बँकेत लागला, मोठा झाला. मला कधी वाटतं, मी पाय धुऊन दाखवायला हवे होते.

हळूहळू मेळाव्याचं रूप पालटलं. ऐंशीनंतरची मुलं वेगळं बोलायला लागली. खताच्या कंपन्या नकोत म्हणाली. बॅनरवर लिहिलं, विष नसलेली शेती, विष नसलेलं अन्न आणि त्यातल्या नोकऱ्या. मला गंमत वाटली. माझ्या बापाकडे खत विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून तो जे करायचा, ते ही मुलं इंग्रजीत शिकत होती. पण अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. मोठमोठी पुस्तकं वाचलेली मुलं बांधावर उकिडवी बसून मला विचारायची, रावय्या, पाला किती दिवस कुजू द्यायचा? आणि मी सांगायचो. चाळीस टेबलं वाहिलेली त्या एका प्रश्नात वसूल व्हायची.

मलर त्यातलीच. १९९१ साली ती शेवटच्या वर्षाला होती आणि मेळाव्याची सगळी धावपळ तिच्याकडे होती. बाप सैदापेटला पोस्टमन. त्यानं तिला स्पष्ट सांगितलं होतं, तुझ्या त्या मेळाव्यात तुझ्या त्या शेतीतली नोकरी मिळाली तर जा, मी आडवा येणार नाही. नाही मिळाली तर दुसऱ्या दिवसापासून टायपिंगचा क्लास, आणि मग मामाच्या ऑफिसात. हे तिनं मला खाचरातलं गवत उपटता उपटता सांगितलं. हसत सांगितलं, पण गवताबरोबर दोन भाताची रोपंही उपटली.

तिला हवी असलेली नोकरी एकच होती. उत्तिरमेरूरच्या बाजूला कमलम्मा म्हणून एक बाई अठरा गावांतल्या शेतकऱ्यांकडून खत-औषध न घालता पिकवलेलं भात गोळा करायच्या आणि मद्रासच्या दुकानांना पाठवायच्या. शेतकरी सगळे सांगायचे, आम्ही काही घालत नाही. खरं कोण बोलतो ते शेतात जाऊन बघणारा आणि वहीत लिहिणारा माणूस त्यांना हवा होता. मलरनं पत्र लिहिलं, त्यांचं पोस्टकार्ड आलं. तिनं मला वाचून दाखवलं. "येते. एकच जागा आहे. खाचर वाचता येणारा माणूस पाहिजे. डिग्री असली तरी चालेल."

"असली तरी चालेल," मलर म्हणाली. "रावय्या, तुम्हीच अर्ज करा."

"मी टेबलं कोणावर सोडून जाऊ?" मी म्हटलं.

तेव्हा तिला कल्पना सुचली. लोकांना कागद कशाला दाखवायचे, खाचरच दाखवू. शेजारी शेजारी दोन खाचरं. डावीकडच्यात सगळं पुस्तकाप्रमाणे, युरिया वगैरे. उजवीकडच्यात काही नाही, फक्त पाला आणि शेण. ती रोज दोन्हीकडचा पानांचा रंग बघणार, फुटवे मोजणार, वहीत लिहिणार. मेळाव्याच्या दिवशी कमलम्मांना खाचर आणि वही दोन्ही दाखवणार. पीक तेव्हा पोटरीतही, म्हणजे कणीस धरायलाही, आलेलं नसेल, पण बघणाऱ्याला कळेल.

मी म्हटलं, करू. उजवं खाचर माझं.

ज्यांनी भात लावलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरवा पाला आणून चिखलात टाकायचा आणि पायांनी तुडवायचा, पार तळाला जाईपर्यंत. मग पाणी धरून दोन-तीन आठवडे कुजू द्यायचं. कुजला की चिखलाला एक वास येतो, बुडबुडे थांबतात, पाय घातला की कढत वाटत नाही. मग लावणी. पाला कुजायच्या आधी लावणी केली तर तो कुजताना मातीतलं सत्त्व स्वतःच खातो आणि वरचं भात उपाशी राहतं. हे मला बापानं शिकवलं, आणि मी पंचवीस-तीस वर्षं कॉलेजातल्या मुलांना शिकवलं.

झालं असं की परीक्षांमुळे प्रिन्सिपलनी मेळावा जवळजवळ महिनाभर अलीकडे आणला. कोवळा पालाही मिळाला नाही. आवारातल्या करंजाच्या फांद्या तोडून आणल्या, काड्यांसकट तुडवल्या. कुजायला चार दिवस दिले. मला कळत होतं. तरी म्हटलं, माझ्या हाताखालचं खाचर आहे, मला दगा देणार नाही.

लावणीनंतर वीस दिवसांनी उजवं खाचर पिवळं पडलं. डावं हिरवंगार, आणि मधे एक वीतभर बांध. लांबून एका बाजूला हिरवी आणि एका बाजूला पिवळी चादर वाळत घातल्यासारखं दिसायचं.

मलर रोज बघायची, रोज लिहायची. पिवळं. पिवळं. जास्त पिवळं. एक दिवस तिनं विचारलं, "असं का होतंय?"

"पाला अजून कुजतोय," मी म्हटलं. "थांब आठ-दहा दिवस. आपोआप सुधारेल."

हे खरं होतं. एवढं एक त्या सगळ्यात मी खरं बोललो.

पण रसायनशास्त्राचे प्रोफेसर रोज डबा खाऊन तिथून शतपावली घालायचे. माझा त्यांचा जुना वाद. ते बांधावर थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, "राव, तुमच्या खाचरात चिमण्यासुद्धा उपाशी राहतील." दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आले. तिसऱ्या दिवशी वर्गच घेऊन आले. तीस-पस्तीस मुलं माझ्या पिवळ्या भाताकडे बघत उभी, आणि हे छडीनं दाखवून सांगतायत, नायट्रोजन नसला तर काय होतं.

मी विळ्याला धार लावत बसलो होतो. वर बघितलं नाही.

मेळाव्याला बारा दिवस होते. त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी उजव्या खाचरातलं पाणी काढलं, डाव्या खाचरासाठी आणलेल्या पोत्यातून दोन ओंजळी युरिया घमेल्यात घेतला आणि कोपऱ्यात उभा राहून फेकला. कोणी बघत नव्हतं, पण बघत असल्यासारखा घाईत फेकला. आत उतरलो नाही, पायांचे ठसे राहिले असते. पाच मिनिटांचं काम. मग पाणी सोडलं आणि डबा उघडला. दहीभात होता. खाल्ला.

पाच-सहा दिवसांत खाचर हिरवं झालं. मलर सकाळी धावत आली. "रावय्या, बघितलंत? काल-परवापर्यंत पिवळं होतं. काय झालं?"

"पाला कुजला," मी म्हटलं.

तिनं वही उघडली आणि लिहिलं. लिहिताना तोंडानं म्हणाली, "पाला कुजला, असं रावय्या म्हणतात." मला ती शेवटचे शब्द लिहिते आहे हे दिसलं. मी तिला म्हणू शकलो असतो की माझं नाव कशाला. नाही म्हटलं. माझं नाव वहीत गेल्याचं बरंच वाटलं.

मेळाव्याच्या दिवशी चाळीस टेबलं वर गेली. त्यातली शेवटची दहा मी वाहिली नाहीत, गुडघ्यांनी नकार दिला, मुलांनीच वाहिली. कमलम्मा अकराच्या सुमारास आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, दोन्ही नाकपुड्यांत मोरण्या, हातात कापडी पिशवी. टेबलामागे बसल्याच नाहीत. म्हणाल्या, "खाचर कुठे आहे?"

सगळेच मागे निघाले. मलर पुढे, तिच्या हातात वही. प्रिन्सिपल, रसायनवाले, मेळाव्याची मुलं, इतर टेबलवालेही. मी चहाचा पेला घेऊन बांधाच्या टोकाला उभा राहिलो.

कमलम्मांनी चप्पल काढली. उजव्या खाचरात पाय घातला, एक पान बोटांत धरून दुमडलं, सोडलं. दोन-तीन पतंग उडाले, बारीक, पिवळट. पान गुंडाळणाऱ्या अळीचे ते पतंग. जास्त खाऊ घातलेल्या भातावर ते आधी येतात. मला ते त्या दिवशी सकाळीच दिसले होते.

"वही दाखव," त्या म्हणाल्या.

मलरनं दाखवली. त्यांनी उभ्या उभ्याच, चिखलात, पहिल्या पानापासून वाचली. रंग, फुटवे, पाणी, सगळं. वाचताना मान हलत होती. चेहऱ्यावरून आवडल्याचं दिसत होतं. मलरनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मोठे केले. मग कमलम्मा त्या पानावर थांबल्या.

"पाला कुजला. हे तू बघितलंस?"

"नाही अम्मा. रावय्यांनी सांगितलं."

"चिखल हुंगून बघितलास?"

"नाही."

कमलम्मा खाचरातून बाहेर आल्या आणि चालत चालत कोपऱ्यात गेल्या, बरोबर त्याच कोपऱ्यात. तिथे उभ्या राहून त्यांनी खाचराकडे बघितलं. आणि मग मलाही दिसलं, इतके दिवस दिसलं नव्हतं ते. खाचर सगळीकडे सारखं हिरवं नव्हतं. त्या कोपऱ्यापासून काळपट हिरवे पट्टे निघाले होते, कमानीसारखे, एकापुढे एक. मधली जागा फिकी. हात जसा फिरला तसं भात रंगलं होतं.

"एवढं बघून घ्या सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पाला तुडवला तर तो सगळीकडे कुजतो. असे पट्टे पडत नाहीत. इथे उभं राहून कोणीतरी फेकलंय." त्यांनी उजवा हात फिरवून बघितला. कमान जुळली नाही. मग पिशवी उजव्या हातात घेतली आणि डावा हात फिरवला. जुळली.

कमलम्मांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या चहाच्या पेल्यावर थांबली. पेला माझ्या डाव्या हातात होता.

त्या थांबल्या. मला बोलायला वेळ देत होत्या, हे मला तेव्हाही कळलं. प्रिन्सिपल समोर होते. रसायनवाले चष्मा पुसत होते. तीस वर्षांतली सगळी मुलं जणू त्या बांधावर उभी होती. मी पेला तोंडाला लावला आणि चहा प्यालो. थंड झालेला चहा, साय धरलेला, तळापर्यंत.

कमलम्मा मलरकडे वळल्या. "पोरी, तुझी वही चांगली आहे. अक्षर चांगलं आहे. पण माझ्याकडे अठरा गावांत सगळे हेच सांगतात. कोणी पाला कुजला म्हणतं, कोणी शेण घातलं म्हणतं. तू लिहून आणशील, मी काय करू त्याचं?"

"मी विचारलं होतं त्यांना," मलर म्हणाली.

"माणसाला विचारलंस. खाचराला विचारायचं होतं." त्यांनी वही परत दिली. "हे पिवळं राहिलं असतं आणि तू मला म्हणाली असतीस, अम्मा, लावणीची घाई झाली म्हणून पिवळं आहे, तर मी तुला आजच घेऊन गेले असते."

पाय धुवायला पाणी मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी माझ्या हातून तांब्या घेतला, "बरं अय्या" म्हणाल्या, आणि पाय धुऊन गेल्या. ती जागा त्यांनी त्या दिवशी कोणालाच दिली नाही.

संध्याकाळी टेबलं खाली उतरवताना मलर खाचराजवळच्या पाट्या गोळा करत होती. उजव्या पाटीवर तिनंच रंगवलं होतं, इथे काहीही घातलेलं नाही. ती पाटी काखेत धरून माझ्याजवळ आली.

"रावय्या, कोणी केलं असेल? रसायनवाल्या सरांनी कोणाला तरी सांगितलं असेल?"

तिला मी डावखुरा आहे हे माहीत होतं. तीन वर्षं माझ्याबरोबर लावणी केलेली मुलगी. तिला तो विचार शिवलाच नाही, किंवा शिवला आणि तिनं बाजूला ठेवला. मी म्हटलं, "उशीर झाला, घरी जा. बाप वाट बघत असेल."

"हो," ती म्हणाली. "उद्या क्लासची फी भरायला जायचंय."

घरी बायकोनं ताट वाढलं. मी भात चिवडत बसलो. तिनं विचारलं, "टेबलं जड झाली का?" मी पाणी प्यालो. ती म्हणाली, "कशाला एवढं वाहता? मुलं आहेत की." मग मी तिला सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं मला कधी चूक म्हटलं नव्हतं, म्हणजे म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. तिनं ऐकून घेतलं. आमटीचं भांडं झाकलं. म्हणाली, "आणि ती पोर उद्या टायपिंगला बसणार." बस, एवढंच.

हे मी पूर्वी दोन-तीनदा मंडळात सांगितलं आहे, पण चहाच्या पेल्यापर्यंतच. लोकांना बाईंची हुशारी आवडते, पुढचं कोणी विचारत नाही. मलरचं काय झालं ते सांगतो. त्या वर्षी ती टायपिंगला गेली. मामाच्या ऑफिसातही लागली. कॉलेजातले मेळावे पुढेही होत राहिले. मला वाटतं अजून होतात, आता म्हणे थंड हवेच्या हॉलमध्ये, टेबलं भाड्यानं येतात. आमच्या अर्ध्या एकरावर वसतिगृह उभं आहे. मी तिकडून जात नाही. माझा मुलगा एन्नोरला वीज केंद्रात होता, त्यालाही त्या मातीशी कधी देणंघेणं नव्हतं.

मी निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी एक पोस्टकार्ड आलं, उत्तिरमेरूरचा शिक्का. चार ओळी होत्या. "रावय्या, दीड वर्ष झालं, अम्मांकडे आहे. आज एक शेतकरी म्हणाला, पाला कुजला. मी काही न बोलता कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. तुमचे गुडघे कसे आहेत?"

ते कार्ड माझ्या ट्रंकेत आहे. उत्तर पाठवलं नाही. गुडघ्यांचं काय सांगायचं.

पण त्या कोपऱ्यात मीच उभा होतो हे तिला कळलं ते कसं, तो भाग राहिला. तो लिहायला मी चार दिवस लावले, म्हणून संपादकबाईंचा दोनदा निरोप येऊन गेला.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. तीस वर्षांतली ती माझी न सांगता घेतलेली पहिली रजा, तीही अर्ध्या दिवसाची. सहाच्या बसनं सैदापेटला गेलो, विचारत विचारत पोस्टमनचं घर काढलं. बाप दाढी करत होता, अर्ध्या तोंडाला साबण. मला बघून म्हणाला, "या अय्या, चांगलं झालं आलात. तुम्हीच समजवा तिला, क्लासला जायचंय तर तोंड पाडून बसलीय."

मी म्हटलं, "मलरला बोलवा. वही घेऊन ये म्हणावं."

ती आली. मी बसलो नाही. उभ्या उभ्या सांगितलं, दोन ओंजळी, दुपारी, त्या कोपऱ्यातून, मी. बापाच्या हातातला वस्तरा थांबला. तिनं वही उघडून ते पान काढलं, पेन माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "तू लिही, मी सांगतो."

"नाही रावय्या. मागच्या वेळी तसंच केलं होतं."

मी ओट्यावर बसलो. वही मांडीवर घेतली. शाळा सोडल्यापासून सहीपलीकडे मी काही लिहिलं नव्हतं. पेन डाव्या हातात धरलं, आणि 'पाला कुजला' ह्या तिच्या ओळीवर एक रेघ मारून खाली वेड्यावाकड्या तमिळ अक्षरांत लिहिलं, पाला कुजला नव्हता, युरिया मी टाकला. तारीख तिनं सांगितली, ती घातली. मग सही केली.

बापानं तोंड धुतलं आणि आतून मला चहा आणून दिला. मी तो गरम गरम प्यालो आणि अकराच्या बसनं कामावर गेलो.